मेंगळट कोणाला म्हणायचं

आमच्या घरात मेंगळट हा शब्द पुरुषांना लागत नाही. मी चौथीपर्यंत शिकले, कुठल्या धड्यात तो आला नव्हता. इथे नागावात, सासरी आल्यावर शिकले, तोही माझ्याच अंगावर. मेंगळट म्हणजे जिचं काम उरकत नाही अशी. सासूबाई सकाळी उंबऱ्यावर बसून हाक मारायच्या, "अगो मेंगळट, चहा व्हनार का न्हाय?" तोवर माझी झाडलोट, भांडी, पाणी भरणं झालेलं असायचं.

सासरे अंघोळीला गेले की बाहेर यायचं नाव नाही. ते निवांत स्वभावाचे. दीर माझ्या लग्नाआधीपासून दुकान टाकायचा विचार करतोय, तो विचारी. नवरा झोपाळ्यावर मोबाईल घेऊन बसतो, खालून केर काढला तरी पाय उचलत नाही. तो दमलेला असतो. रात्रभर झोपून दमतो बिचारा. जेवायलाही मीच मेंगळट, कारण सगळे उठले तरी मी पानावर. मी बसते सगळ्यांच्या मागून, हे कोणी धरत नाही.

मला त्याची सवय झाली होती. पण दिवाळीच्या सुट्टीत आमच्या भाड्याने द्यायच्या खोल्यांत पाहुणे उतरले होते, तेव्हा माझी मुलगी पहिल्यांदाच घावनं घालायला बसली. नवऱ्याने झोपाळ्यावरून आवाज दिला, "काय गो, किती येल? आयशीवर गेलीस. मेंगळट!"

"रगतच तसला," सासूबाई हसल्या.

पोरीने घाईने घावन उलटायला घेतलं, ते फाटलं. तिने मान खाली घातली, अगदी मी घालते तशी. हा शब्द एकदा चिकटला की पोरीच्या आधी तिच्या सासरी पोचणार.

मी सहसा बोलत नाही. आतूनच म्हटलं, "तिला नका म्हणू. तो शब्द माझा हाय. आणि वाटायचाच असंल तर झोपाळ्यापासून सुरू करा."

झोपाळा थांबला. चहाचा कप घेऊन पडवीत उभी असलेली पाहुणी फिस्सकन हसली.

"जीभ बरी चालते गो तुजी," सासूबाई म्हणाल्या.

इतकी वर्षं तीच तेवढी मेंगळट होती, हे मात्र मी मनातच ठेवलं.

पोरीने फाटलेलं घावन बापाच्या ताटलीत काढलं आणि ताटली आत चुलीपाशीच ठेवली. मग पुढचं घातलं, झाकण ठेवलं आणि सावकाश जाळी पडायची वाट बघत बसली. ताटली न्यायला नवऱ्याला उठून आत यावं लागलं.