शुभ दिवशी लिहिलेलं कलम

नारायण गेल्याचा निरोप तळेगावच्या मोटारीच्या ड्रायव्हरनं आणला, तेव्हा हिंगणघाटला कापसातली सरकी काढायच्या आमच्या जीनच्या फाटकात हंगामातल्या पहिल्या कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. भाचीच्या सोयरिकीला म्हणून गेला होता, जेवून पानाला चुना लावता लावता कलंडला... मी गाडीवानांना माघारी पाठवलं आणि फाटक लावून घेतलं. रडू आलंच नाही. मनात एवढंच आलं, की आता हे फाटक पुन्हा उघडतं की नाही.

माझा जिवाभावाचा मित्र, पण जीन काढली त्याच दिवशी आमचं कडाक्याचं वाजलं. नारायण, मी आणि माझा धाकटा भाऊ वसंता, असे तिघे भागीदार. दसऱ्याला यंत्राला झेंडूचा हार घातला, पेढे आले, भागीदारीच्या कागदावर सह्या करायला बसलो, तर हा वकिलांना म्हणतो, एक कलम राहिलं. आपल्यापैकी कोणी मेला तर धंदा मोडायचा नाही, त्याच्या जागी त्याच्या बायकोला घ्यायचं. माझं डोकंच फिरलं. सणाच्या दिवशी हे अभद्र बोलणं! तो मात्र पेढा खात शांतपणे म्हणाला, “मरनाचं नाव घेतलं म्हणून कोणी मरत नाई, दादा. नाई घेतलं तं मागच्याईले जड जाते.” मी धुसफुसत सही केली आणि दिवाळीपर्यंत त्याच्याशी धड बोललो नाही. तो रोज यायचा, खुंटीवरचा दुपट्टा काढून नाकातोंडावर बांधायचा, कारण जीनमध्ये कापूस सारखा उडत असतो. वर नुसते डोळे दिसायचे, आणि ते माझ्या फुगलेल्या तोंडाला हसत असायचे.

तेरवी झाली आणि नारायणचे चुलतभाऊ आले. भागीदार मेला की कायद्यानं भागीदारी मोडते, जीन विका आणि वहिनीचा वाटा आमच्या हाती द्या, म्हणाले. मी कलमाचं सांगितलं तर हसले. तो कागद नागपूर राजधानी होती तेव्हाचा, आता आपण मुंबई राज्यात आलो, त्याची रद्दी झाली म्हणे. राज्य नुकतंच बदललेलं, कुठला नियम राहिला नि कुठला गेला हे कोणीच छातीठोक सांगत नव्हतं. तसाच वसंताला घेऊन वर्ध्याला वकिलांकडे गेलो.

वकील म्हणाले, भागीदारीचा कायदा साऱ्या देशाला एकच आहे, राज्य बदललं म्हणून तो बदलत नाही. कलम नसतं तर चुलतभावांचं खरं होतं. वहिनींची तयारी असेल तर नवा कागद करा, नोंदणीच्या आणि विक्रीकराच्या हापिसाला कळवा, आणि खुशाल फाटक उघडा. हायसं वाटलं हो... परतताना गाडीत मी नारायणसाठी पहिल्यांदा पोटभर रडलो.

वहिनींना विचारायला गेलो तर त्या म्हणाल्या, “मले धंद्यातलं काई समजत नाई, दादा. चालन?”

“चालन. मलेई नारायणच समजावून सांगे.”

परवा फाटक उघडलं. दुपट्टा खुंटीवर तसाच होता, हात लावायचा कोणाला धीर झाला नव्हता. सही करून वहिनी उठल्या, त्यांनी तो काढला, झटकला आणि पदरावरून नाकातोंडाला घट्ट बांधला. वर नुसते डोळे दिसत होते. रडून लाल झालेले, पण बाहेरच्या गाड्यांकडे लागलेले.

“दादा,” त्या म्हणाल्या, “कोनाची गाडी पयले घ्याची?”