कुंकवाच्या पुडीवरच्या लाल रेघा

३ मार्च. सकाळपासून देवघराचं कपाट आवरते आहे. तळाशी कुंकवाची एक पुडी सापडली. तिच्यावर पांढरं लेबल, जरा वाकडंच चिकटलेलं. पोलीस खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन काही वर्षं झाली, पण ती चौकशी अजून मनातून जात नाही.

तक्रार भोकरदनच्या एका दुकानदाराची. राजूरच्या एका बाईंकडून येणाऱ्या कुंकवाच्या जुन्या पुड्या त्याचं बारकोडचं मशीन घ्यायचं, नव्या घेत नव्हतं.

"मॅडम, माल बिलकुल नकली आहे. बाई एकटीच राहते, विचारणारं कोणी न्हाई."

जणू तोच पुरावा.

पंचांसमक्ष काही पुड्या ताब्यात घेतल्या, बाईंना ठाण्यात बोलावलं. पन्नाशीच्या विधवा. कुंकू बंद पडलं तर हाताला दुसरं काम नव्हतं.

"नकली माल कुठून आणला?"

"कुंकू माझंच हाय. घरी येऊन चाळणी बघा."

"घरी कुणाला कळवायचं?"

"कुणी न्हाई. लिवायचंच असंल तर तुमचं नाव लिवा."

हवालदार हसला. मला हसू आलं नाही. माझ्या क्वार्टरचं कुलूपही संध्याकाळी मीच उघडायची.

फाइलसाठी पुडीची झेरॉक्स काढली होती. दुकानात गेले तेव्हा पुडीनंतर त्या झेरॉक्सवरही मशीन धरायला सांगितलं. लगेच आवाज आला आणि पडद्यावर बाईंच्याच कुंकवाचं नाव उमटलं.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अगं बाई! पुडीला न्हाई अन् झेरॉक्सला बराबर!"

मशीनचा उजेड लाल, पुडीवरच्या बारकोडच्या रेघाही लाल. त्या उजेडात लाल रेघ पांढऱ्यासारखीच दिसते. झेरॉक्सवर ती काळी झाली होती.

बाईंना विचारलं, "नव्या पुड्यांवर रेघा लाल का केल्या?"

"छापखान्यात मीच सांगितलं. सवाष्णीच्या कुंकवावर काळं कशाला? बरं दिसत न्हाई ते."

दुकानदाराने तक्रार मागे घेतली, पण बाईंना बजावलं, "उद्या संध्याकाळपर्यंत पुड्या नीट करून द्या, न्हाईतर दुसरीकडून माल घेतो."

जिच्या बाजूने बोलायला कोणी नसतं, तिच्यावर संशय लवकर बसतो. हे मी या चौकशीत शिकले. दुकानदाराला आला, तसा मलाही आला होता.

दुसऱ्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी. सकाळच्या पहिल्या एसटीने, आदल्या संध्याकाळीच छापून घेतलेली काळ्या रेघांची पांढरी लेबलं घेऊन राजूरला गेले. बाईंनी दार अर्धंच उघडलं.

"आता काय राह्यलं, मॅडम?"

"लेबलं चिकटवायची राहिलीत."

त्यांनी पुड्यांचं पोतं सरकवून मला बसायला जागा केली.