इंजिनाची कॅसेट

बहरैनला रेल्वे नाही, आणि आमच्या हारूनला रेल्वेशिवाय दुसरं काही सुचत नसे. नेरळचा हा माणूस सलमाबादला जनरेटर दुरुस्त करायचा आणि मनाम्यात आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा. त्याचे वडील माथेरानच्या छोट्या गाडीचे ड्रायव्हर. त्यांना तो बावा म्हणे. म्हातारपणी त्यांची नजर गेली, आणि त्यांचं जर्मन डिझेल इंजिन तर त्याआधीच मोडीत निघालं होतं. त्याचा आवाज एकदा कानावर पडावा, एवढंच ते मागत.

चौऱ्याण्णव साली हारूनला कळलं, की दगड वाहायला एका जुन्या धक्क्यावर घातलेल्या आखूड रुळांवर त्याच बनावटीचं इंजिन गंजत पडलंय. शुक्रवारी टॅक्सी करून गेला, तर रूळ उखडलेले. इंजिन अरादकडे नेलंय म्हणाले. तिथं गेला, तर तिथूनही हललेलं. शेवटी सापडलं सलमाबादलाच, त्याच्या वर्कशॉपमागच्या भंगारात. काखेत कळसा म्हणतात तो असा.

"मफी फायदा," काही उपयोग नाही, भंगारवाला बहरैनी म्हणाला. "कल कटिंग, खलास."

हारूनने हातापाया पडून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुदत घेतली. वर्कशॉपमधून बॅटऱ्या आणल्या, नळ्या साफ केल्या. इंजिन खोकलं, थांबलं, परत खोकलं आणि चालू झालं. हारून रडत होता, मी पाहिलंय.

त्यांच्या घरी पत्रं नसत. सुट्टीवर जाणाऱ्याबरोबर बोलकी कॅसेट जायची. ऐकून झाली की तिच्यावरच, पहिल्यापासून, जवाब भरून परत पाठवायची. जपून ठेवावी असं कोणाला वाटत नसे, कारण पुढचा आवाज येणारच असायचा. सोबत आणलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये बावांच्या आवाजाची ताजी कॅसेट होती. हारूनने दोन्ही बटणं दाबली आणि तिच्या दोन्ही बाजू इंजिनाने भरून टाकल्या. बाजारात कोऱ्या कॅसेटींचे ढीग पडलेले असायचे. मला याचा अजून राग येतो.

कॅसेट गेली. जवाब आला नाही. गावाहून येणाऱ्या प्रत्येकाला हारून विचारी, आणि रिकाम्या हाताने परत येई. "बावांना इंजिन वळखीचं वाटलं नसंल," तो म्हणायचा. मग एक दिवस फोन आला. हारून नेरळला पोचला तेव्हा बावांची मयत दफन झाली होती.

बहिणीने, नसीबाने, तीच कॅसेट त्याच्या हातात ठेवली.

"रोज ऐकायचे, भाई. जवाब भरू म्हटलं, तर कोणाला हात लावू दिला नाय. बोलले, इंजिन पुसलं जाईल."

बावांचा आवाज आता त्या घरात कुठंच नाही. कधी शुक्रवारी हारून आम्हाला ती कॅसेट ऐकवतो. इंजिन धडधडत राहतं. अगदी शेवटी त्याचा स्वतःचा आवाज येतो, "बावा, वळखलंत काय?" आणि टेप संपून बटण वर येतं.