नर्सबाईंची धाड

सिद्धेश्वर धरणाजवळच्या आमच्या गावात पोलिसांना कोणी भ्यायचं नाही. सगळी भीती नर्सबाईंसाठी राखून ठेवलेली होती. सत्तर सालानंतरची ही गोष्ट. गरोदर बायांच्या घरी त्या भर दुपारी यायच्या, त्याला सरकार गृहभेट म्हणायचं आणि गाव धाड. काखेत छत्री मारून त्या थेट चुलीपाशी जायच्या आणि पोट तपासायच्या आधी भाकरीचं टोपलं तपासायच्या. ज्ञान वाटायची घाई इतकी, की एकदा पारावरच्या चार म्हाताऱ्यांना त्यांनी लोहाच्या गोळ्यांचे फायदे पाऊण तास समजावले. त्यांतलं कोणी गरोदर नव्हतं, पण उठून जायची हिंमतही कोणात नव्हती.

मला पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा लेकरू मोठं होऊन अडू नये म्हणून सासूबाई मला अर्धीच भाकरी वाढायच्या. नर्सबाईंनी ते पाहिलं आणि त्या माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. मी दुसरी भाकरी संपवेपर्यंत उठल्या नाहीत.

सासूबाई म्हणाल्या, "आमी आठ जणली बाई. कोण आलतं तपासाया?"

"आठ जणली, बराबर," नर्सबाई म्हणाल्या. "हायेत किती, मावशी?"

सासूबाई चूल सारखी करू लागल्या. आठांतली तिघंच जगली होती.

आठव्या महिन्यात माझे पाय सुजले. नर्सबाईंनी नडगीवर अंगठा दाबला; खळगा भरून येईना. मग रक्तदाब पाहिला आणि लगेच हिंगोलीच्या दवाखान्यात न्या म्हणाल्या.

"आज आमुशा हाये. उद्या जाऊ," सासूबाई म्हणाल्या.

"उद्याचं म्या सांगू शकत न्हाई," असं म्हणून नर्सबाई अंगणातल्या बैलगाडीत जाऊन बसल्या. सरकारी बाईला गाडीतून उतरवायचं कसं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाईच शेवटी माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "काहून उभा राहिला? बैल जुंप."

दवाखान्यात मला दोनदा झटके आले म्हणे. मला काहीच आठवत नाही. मुलगी झाली, आम्ही दोघी वाचलो.

घरी आल्यावर सगळं गाव लेकरू बघून गेलं. कोण रंगाचं बोललं, कोण नाकाचं. नर्सबाई आल्या, पाळण्याकडे न बघता माझ्याजवळ बसल्या.

"तुला कसं वाटून राहिलं, बाई?"

तोवर हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी रडायला लागले. वाटलं, आता तासभराचं व्याख्यान होणार. पण त्या माझा हात धरून गप्प बसल्या. पुढच्या महिन्यात त्यांची कनेरगावकडे बदली झाली. गावाने सुटकेचा निःश्वास सोडला. मला मात्र कितीतरी दिवस दुपारी दार लावून घ्यावंसं वाटलं नाही.