उजवा पाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पापनिवेदनाच्या वेळी फादरांनाही नाही — तिथे किरकोळ पापं सांगतो आणि उठून येतो. तुम्हाला सांगतोय, कारण आता माझाच मला वैताग आलाय.

आमच्या गावी, सांडोरला, मी कितीतरी वर्षं दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण दिलं. माझा आवडता धडा देवाने अब्राहामाशी केलेल्या कराराचा. त्या काळी करार करणारे दोघं कापलेल्या जनावरांच्या मधून चालत जायचे — शब्द मोडेल त्याचं असंच होवो, म्हणून. पण इथे अब्राहाम गाढ झोपलेला, आणि देव एकटाच मधून गेला — शब्दाने बांधला गेला तो एकटाच. माझ्या मित्राची, बस्त्यावची, मुलगी रेमी वर्गात होती. तिने विचारलं, देव सर्वशक्तिमान आहे ना, मग त्याला शब्दात अडकायची काय गरज? मी सांगितलं, मोडता येत असूनही न मोडणं, हीच त्याची ताकद. काय ऐट होती माझी!

रेमीचा मी धर्मपिता. तिच्या बाप्तिस्म्याला मेणबत्ती धरून तिच्या वतीने मीच उत्तरं दिलेली. बस्त्याव लवकर गेला. जाताना त्याने एवढंच मागितलं — रेमीच्या लग्नात तिला वेदीपर्यंत तू घेऊन जा. मी हो म्हटलं. किती साधं काम, नाही? देवळाच्या दारापासून वेदीपर्यंत जेमतेम चाळीस पावलं.

नव्वदच्या दशकात तिचं लग्न ठरलं ते कोळीवाड्यातल्या मुलाशी. मुलगा आमच्याच धर्माचा, वालीवला कारखान्यात सुपरवायझर. तरी आमच्या भावकीत कुरकुर सुरू झाली — वाडीवाल्यांची, बागायतदारांची मुलगी मासेवाल्यांत? देवळात एका बाकावर बसणारी माणसं ही! थोरला भाऊ म्हणाला, तू तिचा हात धरलास तर तुझ्या पोरींना कोण विचारेल? आणि मी — अब्राहाम शिकवणाऱ्या मी — काय केलं?

लग्नाच्या आदल्या दिवशी केळीच्या वाडीत पाय घसरला असं सांगितलं आणि उजव्या पायाला बँडेज गुंडाळलं. पाय ठणठणीत होता. वास यावा म्हणून हळदीचा लेपसुद्धा लावला — इतकी हुशारी! लग्नाचा बँड घरावरून गेला तेव्हा मी ओट्यावर, पाय उशीवर ठेवून बसलो होतो. माझ्या जागी रेमीने दुसऱ्या कुणाला घेतलं नाही. एकटीच चालत गेली, असं बायकोने येऊन सांगितलं.

तिसऱ्या दिवशी रेमी सासूला घेऊन मला बघायला आली. सासूबाईंनी घरून तेल आणलेलं. खाली बसल्या, माझा पाय मांडीवर घेतला. "दादा, रोज गरम पान्यानं शेका," म्हणाल्या. ज्यांच्या घरात मुलगी देताना आम्ही नाकं मुरडली, त्या बाई माझा धडधाकट पाय चोळत होत्या. लाज वाटली का? वाटली. पाय मात्र तसाच राहू दिला.

मग लंगडणं सुटेना. एरवी सायकलवर निर्मळ गावापर्यंत जायचो, पण रेमी समोर आली की लंगडायचं. दर नाताळला तिच्याकडून तेलाची बाटली यायची. बाटली पाहिली की डोकं फिरायचं — त्या तेलावर, स्वतःवर, आणि खरं सांगू? देवावरही. मला झोपवून तो एकटा का नाही गेला त्या चाळीस पावलांतून?

काही वर्षांनी रेमीच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. देवळाच्या अंगणात मी लंगडत पुढे निघालो आणि मध्येच लक्षात आलं — मी डावा पाय ओढतोय. रेमी बघत होती. तिने पायाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. खुर्ची ओढून आणली, मला बसवलं.

"पाय कसा आहे, काका?"

"बराय आता," मी म्हटलं.

त्या नाताळलाही तेलाची बाटली आली. मी ती घेतली.