चिमट्यातलं तेल

लढाई संपली आणि लष्कराच्या मोटरसायकली लिलावात निघाल्या, त्यातली एक मी घेतली. फौजेत मी तसलीच फटफटी पळवत निरोप पोचवायचो, पण तिच्या पोटात काय असतं ते बघायची पाळी कधी आली नव्हती. ते काम वर्कशॉपवाल्यांचं. माझी बायको तेव्हा मिरजेच्या दवाखान्यात होती. छातीचं दुखणं. कराडजवळच्या आमच्या घरात मी एकटाच. भाकरी करपली तरी बोलणारं कुणी नव्हतं, आणि मला त्या बोलण्याची फार आठवण यायची.

डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यात घरी न्या, पण हादरे बसता कामा नयेत. मी रेल्वेचं काढलं, तर ती म्हणाली, "मी न्हाई बसायची. यीताना बाया नाकाला पदर लावून पलीकडं सरकल्या. आवं, तुमच्या फटफटीवर न्या, न्हाईतर हितंच ऱ्हाऊ द्या."

बोलली म्हणजे बोलली. तिचं मन वळवण्यापेक्षा फटफटी मऊ करणं सोपं होतं.

तेही सोपं नव्हतं म्हणा. खड्डा आला की गाडी पुढून दाणकन आपटायची. पुढच्या चाकाच्या चिमट्याला दोन नळ्या असतात, त्यांतलं तेल धक्का गिळतं, एवढं ठाऊक होतं. कुठलं तेल, ते ठाऊक नव्हतं. कराडातल्या मिस्त्रीनं असला चिमटा जन्मात पाहिला नव्हता. त्याच्याकडं यायच्या त्या जुन्या गाड्या, पुढं उघडी स्प्रिंग असलेल्या. पण माहीत नाही म्हणेल तो मिस्त्री कसला? "एरंडेल घाल गड्या," तो म्हणाला. "बैलगाडीचा आस जलमभर त्याच्यावरच फिरतोय."

घातलं. सकाळच्या गारव्यात चिमटा ताठ आणि दुपारच्या उन्हात ढिला. मग घाण्यावरचं शेंगतेल घातलं. त्याचा फेस झाला, खालून गळायला लागलं, आणि वेशीतली कुत्री पुढचं चाक चाटायला धावली. आपल्याकडं तेल म्हटलं की माणसाला गोठा आठवतो, नाहीतर चूल. मी तरी कुठं वेगळा होतो?

शेवटी लॉरीच्या इंजिनाचं तेल आणलं, पातळ आणि दाट, दोन्ही, आणि कमीजास्त मिसळून बघू लागलो. पारखायला बायकोचा पितळी तांब्या घेतला. पाण्यानं काठोकाठ भरायचा, मागच्या सीटवर घोंगड्यात घट्ट बसवायचा, नदीपर्यंत जाऊन यायचं आणि किती सांडलं ते बघायचं. पारावरची माणसं विचारायची, "कुणाला पाणी पाजाय निघालास रं?" मी हसून पुढं जायचो. इतक्या फेऱ्यांची खरं तर गरज नव्हती. पण मागं तिचा तांब्या असला की आपण एकटे नाही असं वाटायचं.

चैत्रात मिश्रण जमलं. दाट जरा जास्त, पातळ जरा कमी. तांब्या भरलेला गेला आणि भरलेलाच परत आला. त्याच आठवड्यात मी मिरजेला निघालो.

ती गाठोडं घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलेली होती. मागच्या सीटवर मी गोधडीची चौघडी घातली होती. ती बसली, तेव्हा म्हणालो, "मला धरून बस."

"नगं," ती म्हणाली. "माझं दुखणं तुमाला नगं." तिनं स्वतःच्याच नाकातोंडाला पदर गुंडाळला, तोंड दुसरीकडं फिरवलं आणि सीटखालची लोखंडी पट्टी धरली.

मला वाटलं, पहिल्या खड्ड्याला धरेल. सांगली मागं पडली. आष्ट्यापुढं तर रस्ता कमी आणि खड्डे जास्त. प्रत्येक खड्ड्याला मी तिच्या हाताची वाट बघत होतो. चिमटा निमूट खाली जायचा आणि निमूट वर यायचा. शेवटी शेवटी मी खड्डे चुकवायचेसुद्धा सोडून दिले.

घरी उतरल्यावर विचारलं, "लय हादरं बसलं का?"

"न्हाई वं. पाळण्यात बसल्यावानी वाटलं," ती म्हणाली. मग आपलं ताट आणि तो तांब्या वेगळा काढून तिनं पडवीत अंथरूण टाकलं.

तेल मी इतकं चांगलं निवडलं होतं, की मिरजेपासून घरापर्यंत तिला मला एकदाही धरावं लागलं नाही.