पिल्लासाठी लावलेलं दार

आमच्या चाळीत भरदिवसा दार लावणं म्हणजे शिष्टपणा. सकाळी गिरणीच्या भोंग्याला दार उघडायचं ते अंथरुणं पडेपर्यंत सताड. कुणी मध्येच लोटलंच तर शेजारीण कठड्यावरचं लुगडं सारखं करायच्या निमित्तानं हजर, "काय गो, बरं नाय काय कुणाला?" अशा चाळीत, डिलाईल रोडला, तिसऱ्या मजल्यावर, आमचं दार एका कुत्र्याच्या पिल्लासाठी लागायला लागलं. त्या दारापायी जे झालं ते मी सारा जन्म पोटात घेऊन बसले. आता गुडघे गेले, दात गेले, लाज तरी कशाला शिल्लक ठेवू? सांगून टाकते.

खोलीत आम्ही तिघंच. आई, मी आणि काका. काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा. वडील गिरणीतच होते, क्षयानं गेले, तेव्हा मी आठ वर्षांची. काका त्याच गिरणीत मागावर होता, कापड विणायला. आई दुपारी चार-पाच गिरणीवाल्यांना जेवू घालायची खरी, पण घर चालायचं ते काकाच्या पगारावर. कुणी त्याच्या लग्नाचं काढलं की म्हणायचा, "आधी ह्या चेडवाचा होवंदे." चेडू म्हणजे मी. मला तू म्हणायचा आणि मीही त्याला तूच म्हणायची, आमच्याकडे तीच रीत.

वडील गेल्यावर मी बोलायचीच बंद झाले. हट्ट म्हणून नव्हे, शब्दच येत नव्हते. शाळेत बाईंनी नाव विचारलं तरी मान खाली. आईनं दृष्ट काढली, देवाला नारळ बोलली, एकदा चिडून दोन धपाटेही घातले. काही उपयोग नाही. मग एके दिवशी काका पहिल्या पाळीवरून आला तो सदऱ्याच्या आत काहीतरी वळवळतंय. गिरणीच्या गेटाबाहेर चहावाल्याच्या फळीखाली कुत्री व्याली होती, तिचं एक पिल्लू त्यानं उचलून आणलं होतं. तांबूस, पोट फुगलेलं, एक कान उभा नि एक पडलेला.

आई कडाडली, "इथे माणसांना पाय पसरायला जागा नाय, त्यात हे ध्यान! हगणं-मुतणं कोण काढणार, तुझी सासू?" पिल्लानं तेवढ्यात नेमकं आईच्या पावलावरच केलं. मला हसू फुटलं. कितीतरी महिन्यांनी. आईनं माझ्याकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि मोरीवर पाय धुवायला गेली. पिल्लू राहिलं. नाव काय ठेवावं यावर आमचं एकमत झालं नाही, म्हणून ते पिल्लूच राहिलं.

त्या रविवारी काकानं घर पिल्लाजोगं करायला घेतलं. काम असं मन लावून करायचा की बघत बसावं. मोरीच्या भोकावर जाळीचा तुकडा ठोकला. रॉकेलचा डबा खालून उचलून ट्रंकेवर चढवला. शेगडीभोवती विटा लावल्या. उंदराचा पिंजरा पोटमाळ्यावर टाकला. जेवणाऱ्यांच्या ताटातले माशांचे काटे खाली सांडायचे, तर त्यांना सक्त ताकीद, काटा पडला तर उचलून मगच हात धुवायचा. एकजण म्हणाला, "अरे, राजाचा पोर पाळलास काय रे!" काका म्हणाला, "राजाचाच आसा. तुका काय करूचा आसा?"

खरी भीती गॅलरीची. कठड्याच्या गजांतून माणसाचं मूल जाणार नाही, पण पिल्लू सहज जाईल, आणि खाली तीन मजले. काकानं आमच्या खोलीपुरतं गोणपाट बांधलं. पण गॅलरी काय आमची एकट्यांची? दोन्ही बाजूंनी उघडीच. उंबऱ्यात आडवी फळी लावून पाहिली, तर तिसऱ्या दिवशी पिल्लू फळीवरून उडी मारून पार टोकाच्या खोलीपाशी. गजांतून डोकं बाहेर. मी किंचाळले. काकानं शेपटीला धरून मागे ओढलं.

संध्याकाळी त्यानं दाराला आतून एक नवी कडी बसवली. वरची जुनी कडी मला पोचत नव्हती, म्हणून ही खालच्या अंगाला. मला समोर उभं केलं, कडी लावून दाखवली, काढून दाखवली, माझ्याकडून दहादा करून घेतली. म्हणाला, "मोठं माणूस घरात नसलं की ही लावायची. आणि दार उघडायच्या आधी पिल्लू धरायचं. आधी पिल्लू, मग कडी. काय?"

"आधी पिल्लू, मग कडी," मी म्हटलं. बोलायला लागले होते मी तोवर.

हे सगळं संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीतलं. रोज उठून सभा, मोर्चा, हरताळ. गिरणगाव नुसतं पेटलेलं. आम्हा पोरांना त्यातलं कळायचं ते इतकंच, की मुंबई आपली आहे आणि कोणीतरी ती देत नाही. चाळीत एक नियम आपोआप पडला होता. खाली पळापळ सुरू झाली की कुणी दार लावायचं नाही. अश्रुधूर सुटला, लाठी चालली की पोरं जिन्यांनी वर धावायची, आणि जे दार उघडं दिसेल त्यात शिरायची. आई तर शिरलेल्याला धरून पाटावर बसवायची नि समोर भाताचं ताट सरकवायची. मागून पोलीस डोकावले तर, "माझा भाचा आसा, जेवता!" असे दोन भाचे तिनं माझ्यादेखत वाचवले. त्यातला एक तर इतका भुकेला निघाला की पोलीस गेल्यावरही जेवतच राहिला.

म्हणजे दार उघडं ठेवायचं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं.

त्या दिवशी गिरण्या बंद होत्या. काका मोर्चाला गेला होता. दुपारी आई मासळीला म्हणून बाजारात गेली आणि तिकडेच अडकली. घरात मी आणि पिल्लू. कडी लावलेली.

आधी लांबून घोषणा आल्या, मग फटाक्यांसारखे आवाज, मग धावणारे पाय. खिडकीतून धूर आत यायला लागला. डोळे झोंबले. पिल्लू शिंकायला लागलं, खोलीभर सैरावैरा धावत सुटलं. मी फडकं ओलं करून त्याच्या तोंडाला लावू गेले तर ते चावलं मला. जिन्यावर धडधड झाली. शेजारची दारं उघडली, आपटली, उघडली. आणि आमच्या दारावर थाप पडली.

"उघड गो, मी आसंय."

काका. आवाज ओळखला मी. लगेच ओळखला. पुढे आयुष्यभर मी मनाची समजूत घालू पाहिली, घाबरले असेन, कळलं नसेल. कळलं होतं. मी धावत दाराशी गेले, कडीवर हात ठेवला. पिल्लू माझ्या पायात आलं, नाक दाराच्या फटीला, सुटायच्या तयारीत. बाहेर एवढे पाय धावतायत, दोन पावलांवर गॅलरी, गजांतून खाली तीन मजले. आधी पिल्लू, मग कडी.

"थांब रे काका, पिल्लाला धरते!"

मी वाकले तर ते सटकलं आणि ट्रंकेमागे जाऊन बसलं. मी पोटावर पडून हात घातला. पाय लागला, सुटला. परत घातला. मानेला धरून खेचलं. किती वेळ लागला असेल? श्लोकाची एक ओळ म्हणून होईल, तेवढाच. त्या तेवढ्यात बाहेर बुटांचे आवाज आले, कुणीतरी ओरडलं, आणि दारावर काहीतरी आदळलं. एकदा, दोनदा. काका ओरडला नाही. एकदाच "आई गे" म्हणाला, हळू.

पिल्लाला काखेत घट्ट दाबून मी कडी काढली. काका चौकटीला टेकून खाली बसला होता. पोलीस पुढे गेले होते. डोकं वाचवायला त्यानं उजवा हात चौकटीवर धरला असावा, आणि लाठ्या त्या हातावर बसल्या होत्या. बोटं बोटांसारखी दिसत नव्हती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग काखेतल्या पिल्लाकडे. म्हणाला, "धरलंस? शाबास."

देवा रे. शाबास म्हणाला तो मला.

आई आली, हंबरडा फोडला, चाळ गोळा झाली. सगळ्यांनी विचारलं, अरे, स्वतःच्या दारात येऊन मार खाल्लास, आत का नाही शिरलास? मी आईच्या मागे उभी. काका म्हणाला, "दारापर्यंत पोचलंयच नाय. जिन्यावर गाठल्यानी, मगे सरपटत इलंय." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तोंड उघडलं नाही. वडील गेल्यावर शब्द येत नव्हते म्हणून गप्प होते. या वेळी शब्द होते, सगळे होते, आणि मी गप्प राहिले.

इस्पितळात हात बांधला, सोडला, पण तीन बोटं वाकडी जुळली ती मिटेनात. मागावर सूत सारखं तुटतं, तुटलं की चुटकीसरशी गाठ मारायची. घरी बसून तो माझ्या परकराच्या नाडीवर गाठी मारायचा सराव करायचा. घाम फुटायचा त्याला. एकदा मारली गाठ, आईला दाखवली, आई "हो हो, झाली की" म्हणाली आणि शेगडीकडे तोंड फिरवलं. गिरणीत त्याला झाडायला ठेवलं काही महिने. ज्या खात्यात त्याचे माग होते तिथेच कचरा ओढायचा. मग म्हणाला, गावाक जातंय, शेती बघतंय.

मी पिल्लाचं तोंड बघेनाशी झाले. ते पायाशी आलं की पाय काढून घ्यायची. एकदा लाथ मारली, जोरात, कुणी नसताना. ते केकाटलं, आणि थोड्या वेळानं परत माझ्याच मांडीत येऊन निजलं. त्या मुक्या जिवाचा काय दोष? पण राग कुणावर तरी काढायला हवा ना, स्वतःवर काढायची अक्कल त्या वयात नसते. काकाला ते दिसलं असणार. जाताना त्यानं वेताची करंडी आणली, पिल्लाला आत ठेवलं आणि डाव्या हातात घेऊन भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढला. मला म्हणाला, "तिकडे वाडीत मोकळा फिरात. कडी नको नि काय नको."

पुढे महाराष्ट्र झाला. चाळीत रोषणाई, पेढे, ढोल. सगळे आईला येऊन म्हणत होते, तुझ्या दिराच्या बोटांवर झाला हो महाराष्ट्र! आई डोळे पुसत अभिमानानं हसत होती. मला पेढा गिळवेना. मोरीत जाऊन थुंकला. आई दिवसाला दहा जणांचं जेवण रांधायला लागली होती तेव्हा, हाताला चटके, पाठ वाकलेली, आणि काकाचं लग्न काही झालं नाही ते नाहीच. आईला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिच्या आजारपणात दोनदा जिभेवर आलं. म्हटलं, मरताना कशाला.

आई गेल्यावर त्याच वर्षी मे महिन्यात मी गावी गेले. माझी स्वतःची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. काका पडवीत बसून कोकमासाठी रातांबे फोडत होता, विळी पायाखाली, फळ डाव्या हातात, उजव्या मनगटानं रेटून. मी शेजारी बसले आणि सगळं ओकले. आवाज ओळखला होता, कडीवर हात होता, तू शिरला असतास, मी आधी कुत्रं धरलं. म्हटलं, काका, माझ्यामुळे गेला तुझा हात. मला शिव्या घाल, पण तू खोटं का बोललास तेवढं सांग.

त्यानं पुढचा रातांबा उचलला. फोडला. बिया करवंटीत टाकल्या.

"पलीकडचो जिनो मोकळो होतो गो," तो म्हणाला. "पळाक मिळाला असता. पण तू आतसून 'थांब' म्हटलंस. मी पळालंय असतंय तर तू दार उघडतलंस, आणि दारात पोलीस. घरात चेडू एकटा. म्हणान थांबलंय."

आणि माझ्या मुलीला हाक मारून त्यानं तिच्या हातावर रातांब्याची फोड ठेवली, आंबट आहे, साखर लावून खा म्हणाला. माफी मागायला गेले होते, ती राहूनच गेली. मागणार तरी कुठल्या तोंडानं?